अखंडत्वाचा दोष

‘अखंड’ हा शब्द आपल्या घरांत मंगल मानला जातो. देवापुढें अखंड दीप तेवतो, सुवासिनीला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद मिळतो, आणि आपलें घर अखंड राहावें हीच एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांची देवापाशीं मागणी असते. विभाग, वांटणी हे शब्द उच्चारतांना आपली जीभ अडखळते. परंतु सृष्टीच्या व्यवहारांत कांहीं ठिकाणीं वेळेवर विभाग होणें हेंच आरोग्याचें लक्षण असतें. जें अखंड राहिलें तेंच व्यंग ठरतें. मनुष्याच्या मेंदूच्या घडणींतील अशाच एका विरळ जन्मव्यंगाविषयीं आज या सदरांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय कठीण आहे, कांहींसा दुःखदही आहे. तथापि ज्या घरांत लेकी-सुना आहेत, ज्या घरांत ग्रहण पाळलें जातें आणि बाळंतपणें होतात, त्या घराला तो परका नाहीं.

या व्यंगाला वैद्यकांत होलोप्रोसेन्सेफली असें लांबलचक नांव आहे. तें ग्रीक भाषेंतील शब्दांवरून घडविलेलें आहे. ‘होलोस’ म्हणजे सगळें. हा शब्द आणि आपला संस्कृत ‘सर्व’ हा शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘प्रोसेन्सेफलॉन’ म्हणजे मेंदूचा अग्रभाग. संस्कृतांत समास करावयाचा तर ‘अखंडाग्रमस्तिष्क’ असा करतां येईल. ऑस्ट्रियांतील कुंड्राट या विकृतिशास्त्रज्ञानें १८८२ सालीं या जातीच्या व्यंगाचें वर्णन निराळ्या नांवानें केलें होतें. आजचें नांव अमेरिकेंतील डिमायर व झीमन यांनीं १९६३ सालीं रूढ केलें.

हें व्यंग समजण्यासाठीं गर्भाची घडण थोडक्यांत पाहिली पाहिजे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यांत गर्भाच्या पाठीकडील बाजूस एक लहानसा पट्टा उमटतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन, विड्याच्या पानाची सुरळी करावी त्याप्रमाणें त्याची नळी होते. सुमारें २८ व्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोंकांना मिटते. तिच्या लांबट भागापासून पृष्ठरज्जु तयार होतो आणि वरच्या टोंकापासून मेंदू. या वरच्या टोंकाला प्रथम एकामागें एक असे तीन फुगे येतात. त्यांतील सर्वांत पुढचा तोच अग्रमस्तिष्क. आरंभीं तो एकच असतो. पांचव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे उजवा व डावा असे दोन गोलार्ध होऊं लागतात. अक्रोड फोडला असतां आंतील गराचीं जशीं दोन दलें दिसतात, तशीं हीं दोन दलें समजावीं. आपला विचार, आपली वाणी, आपली हालचाल यांचा कारभार पुढें याच दोन दलांकडे यावयाचा असतो.

ज्या गर्भांत हा विभाग होतच नाहीं किंवा अर्धवट होतो, त्या गर्भाच्या ठायीं हें व्यंग उत्पन्न होतें. विभाग किती झाला यावरून त्याचे प्रकार मानले आहेत. अगदींच विभाग नसेल तर मेंदूच्या पुढील भागांत दोहोंऐवजीं एकच पोकळी राहते. हा सर्वांत तीव्र प्रकार होय. मागील बाजूस विभाग होऊन पुढील बाजू जुळलेली राहिली तर तो मध्यम प्रकार. बहुतेक सर्व भाग सुटा होऊन केवळ तळाशीं किंचित् जोड राहिला तर तो सौम्य प्रकार. यांखेरीज केवळ मधलाच भाग जोडलेला राहण्याचा आणखी एक प्रकार आहे. एकाच नांवाखालीं मोडणाऱ्या या प्रकारांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. केवळ नांव ऐकून घरांत आकांत मांडणें योग्य नव्हे. कोणता प्रकार आहे हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

मेंदूच्या या भागाशीं चेहऱ्याच्या मध्यभागाची घडण निगडित असते. डोळ्यांचेंच पाहा. दोन डोळ्यांसाठीं गर्भांत आरंभीं दोन जागा नसतात. एकच जागा असते, आणि खालच्या बाजूनें येणाऱ्या एका संदेशामुळें ती मध्यें दुभंगून दोन होतात. तो संदेश अगदींच आला नाहीं तर कपाळाखालीं एकच डोळा राहतो. अशीं बालकें जगत नाहींत. होमरच्या महाकाव्यांत एकाक्ष राक्षस आहे; आपल्याकडे वाल्मीकींनींही अशोकवनांत सीतेभोंवतीं बसलेल्या राक्षसींत एकाक्षी राक्षसी वर्णिली आहे. कवींनीं ही कल्पना कोठून घेतली तें सांगतां येत नाहीं; परंतु ज्याला लोकांनीं राक्षस मानलें, तें एका अपुऱ्या राहिलेल्या विभागाचें फळ होतें, एवढें आज निश्चित म्हणतां येतें. संदेश अर्धामुर्धा आला तर डोळे फार जवळ येतात, नाक चपटें राहतें किंवा त्याला एकच नाकपुडी असते, कधीं वरचा ओंठ मधोमध दुभंगलेला असतो. डिमायर यानें १९६४ सालीं चेहऱ्यावरून मेंदूचें अनुमान करतां येतें असें प्रतिपादन केलें. तें पुष्कळ बालकांच्या बाबतींत खरें ठरतें, सर्वांच्या नव्हे. येथें एक खुलासा अवश्य आहे. केवळ ओंठ किंवा टाळू दुभंगलेली असणें म्हणजे हें व्यंग नव्हे. तशा बहुसंख्य मुलांचा मेंदू अगदीं निर्दोष असतो आणि शस्त्रक्रियेनें त्यांचा चेहरा उत्तम सुधारतो.

हें व्यंग किती विरळ आहे? गर्भावस्थेंत तें वाटतें तितकें विरळ नाहीं. आरंभींच्या अवस्थेंतील सुमारें २५० गर्भांमागें एकांत तें आढळतें असें जपानांतील गर्भांच्या अभ्यासावरून ठरलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक गर्भ आपोआप गळून पडतात. जिवंत जन्मलेल्या बालकांत हें प्रमाण सुमारें १०,००० ते १६,००० मध्यें एक इतकें खालीं येतें. म्हणजे कित्येक घरांत ‘दुसऱ्या महिन्यांतच गेलें’ म्हणून जें सांगितलें जातें, त्यांतील कांहींच्या मुळाशीं अशाच प्रकारचें कारण असूं शकतें. त्या गर्भपाताचें खापर सुनेनें उचललेल्या घागरीवर किंवा चढलेल्या जिन्यावर फोडणाऱ्यांनीं हा आंकडा एकवार वाचावा.

आतां या व्यंगाच्या कारणाकडे वळूं. या शोधाची कथा मनुष्याच्या घरांत सुरू होत नाहीं. ती मेंढ्यांच्या कळपांत सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिम भागांत आयडाहो नांवाचें डोंगराळ संस्थान आहे. तेथें उन्हाळ्यांत मेंढ्यांचे कळप उंच कुरणांवर चरावयास नेतात. सुमारें १९५० नंतरच्या वर्षांत तेथील कांहीं कळपांत एकच डोळा असलेलीं कोंकरें जन्मूं लागलीं. कळपाच्या रक्तांतच दोष असावा, असा प्रथम संशय आला. आपल्याकडे ‘त्या घराण्यांतच आहे’ असें म्हणतात, त्याच जातीचा हा संशय. अखेर सरकारी कृषिखात्याच्या, विषारी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्यांतील बिन्स व त्याचे सहकारी यांनीं या कोंकरांचें वर्णन १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. लिन जेम्स नांवाच्या संशोधकानें तर उन्हाळेच्या उन्हाळे कळपांबरोबर डोंगरांत राहून मेंढ्या काय खातात याचें निरीक्षण केलें.

शेवटीं कारण सांपडलें तें एका वनस्पतींत. व्हेराट्रम कॅलिफोर्निकम या नांवाची, रुंद पानांची, ओलसर कुरणांत उगवणारी ती वनस्पति होय. १९६३ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यांतील खरी चमत्काराची गोष्ट पुढें आहे. मेंढीनें ही वनस्पति गर्भधारणेच्या १४ व्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तरच कोंकरूं एकाक्ष जन्मे. त्याच्या पुष्कळ आधीं खाल्ली किंवा पुष्कळ नंतर खाल्ली, तर तें व्यंग होत नसे. आणि ती मेंढी स्वतः दिसावयास धडधाकट राही. तिच्याकडे पाहून पोटांतील अनर्थाची कोणास कल्पनाही येत नसे. उपाय अगदीं साधा निघाला. गाभण राहण्याच्या त्या दिवसांत मेंढ्या त्या कुरणांपासून दूर ठेवावयाच्या. ज्या कळपांना कुलदोषी समजण्यांत आलें होतें, त्या कळपांत निर्दोष कोंकरें जन्मूं लागलीं.

त्या वनस्पतींतील जो क्षार या अनर्थाला कारण होता, त्याला एकाक्ष राक्षसावरूनच सायक्लोपामीन असें नांव मिळालें. तो काय करतो हें मात्र पुढें तीसएक वर्षें कळलें नाहीं. त्याचा उलगडा एका क्षुद्र माशीनें केला. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीवर प्रयोग करतांना न्युसलाइन-फोलहार्ड ही विदुषी व विशाउस हे शास्त्रज्ञ यांनीं १९८० सालीं शरीराची आंखणी करणाऱ्या कित्येक जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. त्यांतील एक जनुक बिघडलें कीं माशीची अळी सर्वांगावर कांटे असलेली दिसे, म्हणून त्याला साळूसारख्या एका लहान कांटेरी प्राण्याचें, हेजहॉगचें, नांव देण्यांत आलें. या कामगिरीबद्दल त्या दोघांना, लुईस या तिसऱ्या शास्त्रज्ञासह, १९९५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तशाच जातीचें जनुक उंदरांत व मनुष्यांतही आहे, हें १९९३ च्या सुमारास आढळलें. त्याचें नांव ‘सॉनिक हेजहॉग’ असें मुलांच्या एका खेळांतील पात्रावरून ठेविलें आहे. नांव पोरकट, काम मात्र थोर! अग्रमस्तिष्काला आणि डोळ्यांच्या जागेला ‘आतां दोन व्हा’ असा जो संदेश जातो, तो हेंच जनुक पाठवितें. १९९६ सालीं तें जनुक नसलेले उंदीर एकाक्ष जन्मलेले दिसले, आणि त्याच वर्षीं होलोप्रोसेन्सेफली असलेल्या कांहीं मनुष्यकुटुंबांतही त्याच जनुकांत बिघाड सांपडला. १९९८ सालीं सिद्ध झालें कीं मेंढ्यांच्या वनस्पतींतील सायक्लोपामीन हाच संदेश मध्येंच अडवितें. अशा रीतीनें आयडाहोचें कुरण आणि मनुष्याचें कुटुंब हीं एकाच धाग्यांत ओंवलीं गेलीं. या ज्ञानाचें आणखी एक फळ असें कीं, हाच संदेश अडविणारें व्हिस्मोडेजिब नांवाचें औषध २०१२ सालीं अमेरिकेंत त्वचेच्या एका कर्करोगावर मान्य झालें. गर्भवतीला तें औषध अर्थातच निषिद्ध आहे.

मनुष्यामध्यें कारण नेहमीं एकच नसतें. पुष्कळ बालकांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. तेराव्या गुणसूत्राच्या दोहोंऐवजीं तीन प्रती असणें हें त्यांतील मुख्य. कांहींच्या ठिकाणीं वर सांगितलेलें जनुक किंवा त्याच्यासारखीं दुसरीं जनुकें बिघडलेलीं असतात. गर्भधारणेच्या आधींपासून आईला मधुमेह असून तो आटोक्यांत नसेल तर या व्यंगाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो. आणि कांहीं ठिकाणीं सर्व तपासण्या करूनही कारण हातीं लागत नाहीं.

येथवर आल्यावर आपल्या घरांतील समजुतींकडे पाहूं. व्यंग असलेलें मूल जन्मास आलें कीं आपल्याकडे पहिला प्रश्न सुनेला होतो: ‘ग्रहणांत काय केलेंस?’ भाजी चिरली, सुई हातीं घेतली, कांहीं मोडलें, म्हणून मुलाचा ओंठ चिरला, असा निवाडा बसल्या जागीं दिला जातो. न्यायाच्या दृष्टीनें हा निवाडा तपासून पाहावा. डोळ्यांची जागा व अग्रमस्तिष्क दुभंगण्याची सर्व क्रिया तिसऱ्यापासून पांचव्या आठवड्यापर्यंत होऊन जाते. ओंठाची घडणही आणखी थोड्या दिवसांनीं संपते. बहुतेक सुनांना या काळांत आपणांस दिवस राहिले आहेत याची नुकती कोठें शंका येत असते. घरांत ती बातमी फुटून ग्रहण पाळण्याचे निर्बंध लागू होईपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. मग सहाव्या महिन्यांतील ग्रहणानें दुसऱ्या महिन्यांत घडलेली गोष्ट कशी बिघडावी? कार्य आधीं आणि कारण मागाहून, असा न्याय आपल्या तर्कशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत नाहीं. दुसरें असें कीं, २४ ऑक्टोबर १९९५ चें सूर्यग्रहण आपल्या सर्व देशानें पाहिलें. त्या दिवशीं देशांत लक्षावधि स्त्रिया गर्भवती होत्या, आणि त्यांतील असंख्य जणींना पोटासाठीं शेतांत, गिरणींत, स्वयंपाकघरांत विळी-कोयता चालवावाच लागला असेल. ग्रहणाचा दोष खरा असता तर त्यांच्या घरोघरीं असलीं मुलें दिसलीं असतीं. उलट, जेथें ग्रहण झालें नाहीं तेथेंही आणि ज्या वर्षीं झालें नाहीं त्या वर्षींही हें व्यंग आढळतें. ज्यांना ग्रहणांत स्नान, जप करावयाचा आहे त्यांनीं तो अवश्य करावा. ती ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब आहे. परंतु ग्रहणाला साक्षीदार करून सुनेला आरोपी करण्याचा अधिकार कोणास नाहीं.

कांहीं वाचक म्हणतील, शास्त्रांत डोहाळ्यांचें महत्त्व सांगितलें आहे, त्याची वाट काय? प्रश्न योग्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून गर्भिणी ‘दौहृदिनी’ म्हणजे दोन हृदयांची होते, असें म्हटलें आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळांतला. तिची इच्छा अपुरी राहिली तर मूल कुबडें, लंगडें, जड, विकृत डोळ्यांचें किंवा डोळ्यांवांचून जन्मतें, असेंही तेथें सांगितलें आहे. आजच्या ज्ञानाप्रमाणें व्यंगाचें हें कारण टिकत नाहीं. परंतु या वचनाचा रोंख कोणाकडे आहे तो पाहावा. गर्भिणीला हवें तें द्या, असा तो घरच्यांना आदेश आहे. तेथें कांहीं दोष सांगितला असलाच तर तो इच्छा पुरी न करणाऱ्या घराचा आहे, त्या स्त्रीचा नव्हे. प्राचीन आचार्यांनीं ज्या वचनानें कुटुंबाच्या माथ्यावर कर्तव्य ठेविलें, त्याच परंपरेचें नांव घेऊन आपण तिच्या माथ्यावर दोष ठेवितों, हा उलटा न्याय झाला.

‘तिच्या माहेरचाच दोष’ हें दुसरें हुकमी वाक्य. जनुकांत बिघाड असलेल्या कुटुंबांत तो आईकडून जितका येऊं शकतो तितकाच बापाकडूनही येऊं शकतो, आणि कित्येकदां दोघांकडूनही न येतां त्या गर्भांत प्रथमच उद्भवतो. याहून नवलाची गोष्ट अशी कीं, एकच बिघाड एका माणसांत तीव्र रूप घेतो आणि दुसऱ्यांत जवळजवळ दिसतच नाहीं. वरच्या जबड्यांत मधोमध दोहोंऐवजीं एकच दांत असणारा, बुद्धीनें उत्तम असा पुरुष हाच बिघाड वाहून नेत असूं शकतो. म्हणून असें मूल एकदां झालें असतां पुढील संततीचा धोका किती, हें शेजारीपाजारीं विचारूं नये. जनुकवैद्याकडे पति व पत्नी दोघांनीं जावें आणि गुणसूत्रांची व जनुकांची तपासणी करून घ्यावी. कारण सांपडलें तर पुढचा मार्ग पुष्कळ स्पष्ट होतो. तपासणीला सुनेला एकटीला धाडणें हा अर्धा उपाय होय, आणि अर्धा अपमानही.

आधीं काय करतां येईल? सर्वच टाळतां येत नाहीं; परंतु जें टाळतां येतें तें गर्भ राहण्यापूर्वींच टाळावें लागतें, हा मेंढ्यांच्या गोष्टीचा मुख्य धडा आहे. मूल हवें असें ठरलें कीं स्त्रीच्या रक्तांतील साखर तपासून घ्यावी, आणि मधुमेह असल्यास तो आधीं आटोक्यांत आणून मगच पुढें जावें. मद्य वर्ज्य करावें. चालू असलेलीं सर्व औषधें वैद्याला सांगावीं. तरुण मुली मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन नांवाचें औषध घेतात, तें गर्भाला घातक आहे. झाडपाल्याचें औषधही ‘झाडपालाच तो’ म्हणून विचारल्यावांचून घेऊं नये. मेंढी धडधाकट होती, तरीही अनर्थ झाला. याचा अर्थ ताटांतील पालेभाजीला भ्यावें असा मात्र नव्हे. ती अमेरिकेंतील वनस्पति आपल्या मंडईंत येत नाहीं.

फोलिक आम्लाच्या गोळीविषयींही येथेंच सांगतों. ती गोळी मुख्यतः दुसऱ्या एका जातीच्या व्यंगासाठीं, म्हणजे वर सांगितलेली नळी न मिटण्याच्या दोषासाठीं, उपकारक आहे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत, असें मूल पूर्वीं झालेल्या स्त्रियांत तिनें पुनरावृत्तीचा धोका सुमारें ७२ टक्क्यांनीं कमी केला. ती रोज ४०० मायक्रोग्रॅम या प्रमाणांत गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीं सुरू करावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. पूर्वीं तसें मूल झालें असल्यास मात्रा वैद्य वाढवून देतात. या द्रव्याचा मागोवा प्रथम आपल्या मुंबईंतच लागला, हें वाचकांस ठाऊक नसेल. लूसी विल्स या इंग्रज विदुषीनें येथील गिरणीकामगार गर्भवतींच्या पंडुरोगावर संशोधन करून, यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो हें १९३१ सालीं दाखविलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तेंच पुढें फोलिक आम्ल ठरलें.

गर्भ राहिल्यावर सोनोग्राफी वेळेवर करावी. तीव्र प्रकारचें व्यंग बहुधा ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच दिसूं शकतें. सौम्य प्रकार मात्र उशिरांपर्यंत निसटतो व त्याला एमआरआयचें साह्य घ्यावें लागतें. निदान झालें तर पुढें काय करावयाचें हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणें, गर्भांत गंभीर व्यंग असल्याचें वैद्यकीय मंडळानें ठरविलें तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळूं शकते. कोणी ती घेईल, कोणी मूल जन्माला घालण्याचें ठरवील. दोन्ही निर्णय जड अंतःकरणानेंच होतात. घरच्यांनीं माहिती द्यावी, सोबत करावी, आणि निर्णय झाल्यावर टोंचून बोलूं नये.

मूल जन्मास आलें तर? तीव्र प्रकारांतील बालकांपैकीं निम्मीं पहिल्या चार-पांच महिन्यांतच जातात. तथापि कांहीं वर्षभर व त्याहूनही अधिक जगतात. मध्यम व सौम्य प्रकारांतील निम्म्याहून अधिक मुलें पहिलें वर्ष ओलांडतात, आणि सौम्य प्रकारांतील कित्येक चालूं-बोलूं शकतात. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनीं कांहीं गोष्टी ओळखून असाव्या. झटके येतात, दूध गिळतांना ठसका लागतो व तें छातींत जाण्याची भीति असते, शरीराची उष्णता कारणावांचून चढते-उतरते. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीचें काम बिघडल्यामुळें लघवी फार होऊन मूल सुकून जातें. तें दुर्लक्षिल्यास प्राणावर बेततें, परंतु त्यावर औषध आहे. डोक्यांत पाणी सांचल्यास नळी बसवून तें उतरवितां येतें. ताठरलेल्या हातापायांना व्यायामोपचार उपयोगी पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, अशीं मुलें पुष्कळदां आवाज ओळखतात, स्पर्शानें शांत होतात, हंसतात. ज्याला ‘कांहीं कळत नाहीं’ असें आपण म्हणतों, त्याला आजीची मांडी कळते.

अशा घरांसाठीं शासनाच्या कांहीं सोयी आहेत. बालकांतील जन्मव्यंगें शोधून उपचारांस लावण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयांत करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें प्रमाणपत्र मिळतें. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ याखालीं ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना असून तींत एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. त्याच कायद्यानें, मूल १८ वर्षांचें झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक नेमण्याची व्यवस्था जिल्ह्याच्या समितीकडे आहे. आईबापांनंतर कोण, हा प्रश्न मनांत न कोंडतां कागदावर सोडवितां येतो.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टच लिहितों. सुशिक्षित घरांतही असें मूल पाहुण्यांपासून मागच्या खोलींत लपविलें जातें, आणि थोरल्या बहिणीचें लग्न ठरतांना तर तें जणूं घरांत नाहींच. आम्हांस हें दोन्ही बाजूंनीं चुकीचें वाटतें. लपविल्यानें मुलाची शुश्रूषा होत नाहीं, आणि पुढें उघड झाल्यावर मुलीला सासरीं खालीं पाहावें लागतें. त्यापेक्षां तपासणीचा कागद पुढें ठेवून ‘हें असें आहे, कारण हें आहे, हिच्या संततीला धोका एवढा आहे किंवा नाहीं’ असें सरळ सांगावें. गुणसूत्रांतील आकस्मिक चूक हें कारण असेल तर बहिणीच्या मार्गांत बहुधा कांहींच अडचण नसते. आणि सत्य ऐकून जें स्थळ मागें फिरतें, तें आधींच फिरलें हें बरेंच म्हणावयाचें.

एकत्र कुटुंबाचा मोठा अभिमान आपण बाळगतों. त्याचा उपयोग अशाच वेळीं व्हावयाचा. आईनें एकटीनें रात्र जागविण्याऐवजीं चार माणसांनीं पाळी वांटून घ्यावी, एकानें औषधांची वही ठेवावी, एकानें रुग्णालयाच्या खेपा कराव्या, आजीनें मांडीवर घ्यावें. ओझें वांटलें गेलें तरच असें घर अखंड राहतें. ज्यांच्या घरीं असें बालक आहे त्यांनीं आजच बसून ही वांटणी करावी, आणि तिला आरंभ वडीलधाऱ्यांनीं आपल्यापासून करावा.